सगळे एकाच माळेचे मणी, मग मत कशासाठी?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत निवडणुकीचा विषय काढला, की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘सगळे एकाच माळेचे मणी.’ पुढचे वाक्यही ठरलेलेच : ‘मग उन्हात रांग कशाला लावायची?’ या वाक्यांकडे आळसाची सबब म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. मतदानाच्या आधी शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, महाविद्यालयांत शपथा दिल्या जातात, चौकाचौकात फलक लागतात. ज्याने मत दिले नाही त्याला बेजबाबदार ठरवले की विषय संपतो. तो खरे तर तिथे सुरू व्हायला हवा. मत न देणाऱ्याची तक्रार कितपत खरी आहे आणि ती खरी असली तरी घरी बसल्याने नेमके काय होते, हे तपासायला नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आधी आकडे पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड मतदारसंघात २६ एप्रिल रोजी सुमारे ६१ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये ते ६५ टक्क्यांच्या वर होते. लातूरमध्ये ७ मे २०२४ रोजी साडेबासष्ट टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. नांदेड मतदारसंघातील नोंदलेले मतदार तेव्हा साडेअठरा लाखांच्या घरात होते. म्हणजे सात लाखांहून अधिक मतदार केंद्रावर फिरकलेच नाहीत. निवडून आलेले काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांना मिळालेली मते ५ लाख २८ हजार ८९४. आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर त्या निवडणुकीत सर्वांत मोठा गट गैरहजरांचा होता.

तक्रार खोटी नाही

‘सगळे सारखेच’ हे म्हणणे नांदेडच्या मतदाराने केवळ चहाच्या टपरीवर ऐकलेले नाही, ते त्याने पाहिलेले आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत येथे दोन मातब्बर उमेदवार समोरासमोर होते. काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण आणि भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर. चिखलीकर ४० हजार १४८ मतांनी विजयी झाले. गावागावांत, घराघरांत त्या निवडणुकीने उभी फळी पाडली होती. कार्यकर्त्यांनी एकमेकांशी बोलणे सोडले, सोयरिकींत कटुता आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण यांनी भोकरच्या आमदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये प्रवेश केला आणि ते राज्यसभेवर गेले. दोन महिन्यांनी तेच चव्हाण चिखलीकरांसाठी मते मागत मतदारसंघात फिरत होते. चिखलीकर पराभूत झाले. त्यानंतर त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते राष्ट्रवादी काँग्रेसच्या अजित पवार गटात गेले आणि लोह्यातून आमदार झाले. त्याआधी २०१४ मध्ये याच लोह्यातून ते शिवसेनेच्या तिकिटावर निवडून आले होते.

देगलूरची कथा त्याहून थोडक्यात सांगता येते. ऑक्टोबर २०२१ च्या पोटनिवडणुकीत जितेश अंतापूरकर काँग्रेसचे उमेदवार होते. त्यांच्यासमोर भाजपने सुभाष साबणे यांना उभे केले. साबणे हे त्या निवडणुकीआधी शिवसेनेतून आलेले. अंतापूरकर मोठ्या फरकाने जिंकले. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, ते भाजपमध्ये गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघातून भाजपचे आमदार म्हणून निवडून आले. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. पण आमदारकीचा राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्याला तो अडवत नाही. शिवाय २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस ज्या रीतीने दुभंगली, ते पाहिल्यावर मतदाराने कायद्यावर फार विसंबावे असेही काही उरलेले नाही.

तेव्हा ज्याने २०१९ मध्ये चव्हाणांना मत दिले तोही फसला, आणि ज्याने चव्हाणांना हरवण्यासाठी चिखलीकरांना मत दिले तोही फसला. या दोघांनी एकत्र बसून ‘आता पुरे’ म्हटले, तर त्यांना नागरिकशास्त्राचा धडा वाचून दाखवणे हे थोडे उद्धटपणाचे होईल.

संताप आणि उदासीनता यांत मात्र फरक करायला हवा. २६ एप्रिल २०२४ रोजी बिलोली तालुक्यातील रामपुरी येथे एका तरुणाने मतदान केंद्रात कुऱ्हाडीने मतदान यंत्र फोडले. त्याचे कृत्य गुन्हाच होते आणि त्याच्यावर कारवाईही झाली. पण त्याला मतदानाशी काही देणेघेणे नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. रस्ता नाही, पूल नाही म्हणून गावेच्या गावे मतदानावर बहिष्कार घालतात, त्यांनाही उदासीन म्हणता येत नाही. मराठवाड्याला बहिष्कार नवा नाही. निजामाच्या राजवटीत १९४६ साली ज्या मर्यादित राजकीय सुधारणांनुसार निवडणुका झाल्या, त्यांवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला होता. जबाबदार राज्यपद्धती हवी, तुकडे नकोत, अशी ती भूमिका होती. त्यामागे संघटना होती, मागणी होती, आणि पुढे लढाही झाला. सुटीच्या दिवशी घरी राहणाऱ्यामागे यांतले काहीच नसते. त्याची गैरहजेरी निषेधाची होती की परगावच्या लग्नाची, हे मतमोजणीच्या टेबलावर कुणालाही कळत नाही.

पाडण्याचे मत

मत म्हणजे चांगल्या माणसाची निवड, अशी आपली शालेय कल्पना असते. या दोन जिल्ह्यांचा इतिहास वाचला तर मताचा अधिक परिणामकारक उपयोग दुसराच दिसतो : जो बसला आहे त्याला उठवणे. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून केलेले मतदान आपण कमी प्रतीचे मानतो. येथील मोठमोठे निकाल मात्र अशाच मतदानाने घडले आहेत.

१९७७ मध्ये नांदेडने शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे यांना आणि लातूरने त्याच पक्षाचे उद्धवराव पाटील यांना लोकसभेत पाठवले. १९८७ च्या पोटनिवडणुकीत नांदेडने अशोक चव्हाणांना निवडले. त्या वेळी त्यांच्यासमोर प्रकाश आंबेडकर होते. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, याच मतदारसंघाने मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या शंकरराव चव्हाणांच्या या चिरंजीवांना पाडून जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांना खासदार केले. २०१४ मध्ये देशभर मोदी लाट असताना राज्यात काँग्रेसच्या ज्या दोनच जागा आल्या, त्यांतली एक नांदेडची होती, अशोक चव्हाणांची. दुसरी शेजारच्या हिंगोलीची. तिथे राजीव सातव अवघ्या १ हजार ६३२ मतांनी निवडून आले, आणि त्या मतदारसंघात नांदेड जिल्ह्यातले किनवट व हदगावही येतात. पाच वर्षांनी त्याच नांदेडने त्याच चव्हाणांना पाडले.

लातूरचा दाखला अधिक बोलका आहे. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत विलासराव देशमुख लातूरमधून जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर यांच्याकडून हरले. राज्याच्या मंत्रिमंडळात अनेक खाती सांभाळलेला, बाभळगावच्या वाड्याचा दबदबा असलेला नेता स्वतःच्या गावाशेजारी पडेल, असे फारसे कुणाला वाटले नव्हते. २००४ मध्ये त्याहून मोठा धक्का बसला. १९८० पासून १९९९ पर्यंत सलग सात वेळा लातूरचे खासदार राहिलेले, लोकसभेचे माजी अध्यक्ष शिवराज पाटील चाकूरकर भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पराभूत झाले. त्याच वर्षी निलंग्यात माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना त्यांचेच नातू संभाजी पाटील यांनी हरवले. (वाड्यातील भांडण वाड्यातच राहिले, असे म्हणणारे तेव्हाही होते, आणि ते अगदीच चूक नव्हते.)

येथे प्रामाणिकपणे थांबायला हवे, कारण या गोष्टीची दुसरी बाजू मतदाराच्या बाजूने बोलत नाही. लातूरने पाडलेले शिवराज पाटील काही दिवसांतच देशाचे गृहमंत्री झाले, राज्यसभेच्या वाटेने. लातूरने १९९५ मध्ये पाडलेले विलासराव १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. विलासरावांनी त्यासाठी आधी लातुरातून पुन्हा निवडून येण्याची वाट धरली, आणि ते मोठ्या मताधिक्याने आले. चाकूरकरांना ती गरज भासली नाही. म्हणजे मताने माणूस उठतो, पण समोरचे दार बंद झाल्यावर मागचे दार उघडे राहू शकते. मतदानाचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी हे लपवू नये.

तरीही पराभवाचा परिणाम उरतोच. पडलेल्या पुढाऱ्याला मतदारसंघात परत यावे लागते, आणि न पडलेल्यांनाही आपण पडू शकतो हे कळते. ही भीती नसेल तर काय होते ते ज्या मतदारसंघांत तीस-तीस वर्षे निकाल ठरलेला असतो, तिथे जाऊन पाहावे.

१ हजार ४५७ मते

‘माझ्या एका मताने काय होणार?’ या प्रश्नाचे गणिती उत्तर ‘बहुतेक वेळा काहीच नाही’ हेच आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९५७ साली हे कोडे मांडले. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी नगण्य असताना, माणसे आपला वेळ खर्चून मत द्यायला जातात तरी का? राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले होते, हे उदाहरण दर निवडणुकीत सांगितले जाते. पण ते अपवाद म्हणूनच लक्षात राहते.

अधिक विचार करण्याजोगे उदाहरण घरचे आहे. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झाले. रिक्त जागेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण यांना ५ लाख ८६ हजार ७८८ आणि भाजपचे संतुकराव हंबर्डे यांना ५ लाख ८५ हजार ३३१ मते पडली. फरक १ हजार ४५७ मतांचा. एका केंद्रावर दीड हजार मतदार धरले तरी साडेअठरा लाखांच्या मतदारसंघात बाराशेहून अधिक केंद्रे होतात. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त असतात. म्हणजे निकाल केंद्रामागे सरासरी एखाद्या मताने लागला. एखाद्या गल्लीतील एक कुटुंब त्या दिवशी देवदर्शनाला गेले नसते, आणि असे प्रत्येक केंद्रावर घडले असते, तर खासदार दुसराच असता.

त्या दिवसाची दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मतदाराला एकाच केंद्रात दोन मते द्यायची होती, एक लोकसभेचे आणि एक विधानसभेचे. लोकसभेची जागा काँग्रेसला मिळाली. त्याच मतदारसंघातल्या भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. हजारो माणसांनी काही पावलांच्या अंतरावर दोन वेगवेगळी बटणे दाबल्याशिवाय हा निकाल लागणे कठीण. त्यामागे सहानुभूती असेल, स्थानिक उमेदवार असतील, शासकीय योजनांचा प्रभाव असेल. कारणे काहीही असोत, ‘सगळे सारखेच’ असे या मतदारांनी मानले नाही. त्यांनी माळेतले मणी एकेक करून पाहिले.

हरलेली मतेही वाया जातात असे नाही. २०१९ मध्ये नांदेडला वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार १९६ मते मिळाली. विजयी फरकाच्या चौपट. ती मते अन्यथा कोणाकडे गेली असती, हा वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटणारही नाही. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत जागावाटपाच्या चर्चेत हा आकडा सर्व पक्षांच्या डोळ्यांसमोर राहिला. घरी बसलेल्या सात लाखांचा आकडा त्याच्या चौपटीहून मोठा. त्यावर कुणी बैठक घेतल्याचे ऐकिवात नाही.

नोटा : लातूर ग्रामीणचा प्रयोग

कोणीच पसंत नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर निकाल देताना मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे बटण देण्याचा आदेश दिला. त्याआधी १९६१ च्या निवडणूक नियमांतील कलम ४९-ओ नुसार मत न देण्याची नोंद करता येत असे, पण ती केंद्राधिकाऱ्यासमोर, नोंदवहीत, सर्वांच्या देखत. गुप्तता तिथेच संपे. नोटाने ती परत दिली.

नोटाचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला निकाल लातूर जिल्ह्यातला आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमधून काँग्रेसचे धीरज देशमुख १ लाख ३५ हजार मते घेऊन विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, नोटा होती : २७ हजार ५०० मते. शिवसेनेचे उमेदवार सचिन देशमुख साडेतेरा हजारांच्या आसपास थांबले. सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगावमध्येही त्याच दिवशी नोटा दुसरी आली, तिथे २० हजार ६३१ मते होती.

बाहेरच्या वृत्तपत्रांनी याचे वर्णन मतदारांचा उद्रेक असे केले. स्थानिक वस्तुस्थिती थोडी निराळी होती. २०१४ मध्ये येथे भाजपचे रमेश कराड सुमारे दहा हजार मतांनी हरले होते आणि पुढची पाच वर्षे त्यांनी मतदारसंघ बांधला होता. २०१९ मध्ये युतीच्या वाटपात जागा शिवसेनेला गेली. ज्यांना कमळ हवे होते त्यांना ते यंत्रावर दिसलेच नाही. नोटाला पडलेल्या मतांत खऱ्या अर्थाने सर्वांवर नाराज असलेले किती आणि आपला उमेदवार हिरावला म्हणून चिडलेले किती, हे वेगळे करता येत नाही. पण दुसरा वर्ग मोठा असावा, असे मानायला जागा आहे.

कायद्याने या २७ हजार ५०० मतांना काहीही किंमत नव्हती. लोकसभा आणि विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तो विजयी ठरतो. राजकारणात मात्र ती मते वाचली गेली. मे २०२० मध्ये कराड विधान परिषदेवर बिनविरोध गेले. २०२४ मध्ये जागा भाजपकडे आली आणि त्यांनी धीरज देशमुखांना ६ हजार ५९५ मतांनी हरवले. शेजारच्या लातूर शहरात अमित देशमुख त्याच दिवशी साडेसात हजारांच्या आतल्या फरकाने वाचले. ज्या घराण्याचा निकाल लातुरात गृहीत धरला जाई, त्याच्या दोन्ही जागा चुरशीच्या झाल्या. नोटा यंत्रावर मोजली जाते, तिचा आकडा जाहीर होतो, म्हणून हे घडू शकले. तेच २७ हजार लोक घरी बसले असते तर टक्केवारीत किंचित घट दिसली असती आणि तिचे खापर पावसावर फुटले असते.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र एक पाऊल पुढे गेला. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला : नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर कोणालाच विजयी घोषित करायचे नाही, त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यायची. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर मात्र उमेदवारांतील पहिला निवडून येतो. २०१७ मध्ये काही ग्रामपंचायतींत विजयी उमेदवारापेक्षा नोटालाच जास्त मते पडली होती, त्यातून हा आदेश निघाला. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात मतदाराला प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असते. एका जागेला एका पक्षाचा उमेदवार, दुसऱ्याला दुसऱ्याचा आणि तिसऱ्याला नोटा, असेही चालते. हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि पक्षांनाही ते ठाऊक करून देण्याची घाई नसते. त्यांना संपूर्ण पॅनेल हवे असते.

मतदानाविना गेलेली साडेतीन वर्षे

मत देऊन काही फरक पडतो का, हे शोधण्याचा एक उलटा मार्ग आहे : मतच नसेल तर काय होते ते पाहणे. या दोन्ही शहरांनी ते पाहिले. लातूर महापालिकेची मुदत मे २०२२ मध्ये आणि नांदेड-वाघाळा महापालिकेची ऑक्टोबर २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, निवडणुका लांबत गेल्या, आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे बजावल्यानंतरच, १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

नगरसेवकांबद्दल शहरी माणसाचे मत फारसे चांगले नसते. टक्केवारी, ठेके, अतिक्रमणे यांच्याशीच त्यांचे नाव जोडले जाते. प्रशासकाचा काळ म्हणूनच अनेकांना सुरुवातीला बरा वाटला. मग नळाला आठ दिवस पाणी आले नाही, गटार तुंबले, घरपट्टीचे बिल चुकीचे आले, तेव्हा रात्री दार कोणाचे ठोठवायचे हा प्रश्न उभा राहिला. बदलीवर आलेला अधिकारी पुढच्या निवडणुकीत आपल्याकडे मत मागायला येणार नसतो. तो कितीही सज्जन असला तरी त्याला आपली गरज नसते.

लातूरकरांना याची जाण असायला हवी, कारण त्यांनी पाण्याचे टोक पाहिले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाणवठ्यांवर भांडणे नकोत म्हणून जमावबंदी लागू झाली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा टँकर होते, पाच लाख लिटर. पुढच्याच वर्षी, १९ एप्रिल २०१७ रोजी, महापालिकेची निवडणूक झाली. २०१२ मध्ये ७० पैकी ४९ जागा जिंकलेली काँग्रेस ३३ वर आली, आणि आधी एकही नगरसेवक नसलेल्या भाजपला ३६ जागा मिळाल्या. सारे श्रेय पाण्याच्या गाडीला देता येणार नाही. केंद्रात आणि राज्यात भाजपची सत्ता होती, त्याचे वारेही होते. पण शहराने जाब विचारला होता, एवढे नक्की. (दोन वर्षांनी भाजपचेच काही नगरसेवक फुटले आणि महापौरपद पुन्हा काँग्रेसकडे गेले. माळेचे मणी ही तक्रार येथेही पाठ सोडत नाही.)

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडने उलटा कौल दिला. ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसला, भाजपला सहा. नेतृत्व अशोक चव्हाणांचे. २०२६ मध्ये याच महापालिकेत भाजपला बहुमत मिळाले. नेतृत्व पुन्हा अशोक चव्हाणांचे. लातूरमध्ये मात्र काँग्रेस परतली. नांदेडच्या मतदाराने पक्ष निवडला की माणूस, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि उत्तर काँग्रेसला तसेच भाजपलाही सुखावणारे नसेल.

उदासीन की अनुपस्थित?

मतदानाच्या टक्केवारीवरून उदासीनता मोजताना एक चूक सर्रास होते. यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस त्या दिवशी गावात असतो, असे आपण धरून चालतो. मराठवाड्यात ते खरे नाही. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. २० नोव्हेंबर हा दिवस नेमका त्या हंगामाच्या तोंडावरचा. पुणे, मुंबई, हैदराबाद येथे कामाला गेलेल्या तरुणांची नावे अजून गावच्या यादीत असतात. काही उमेदवार त्यांच्यासाठी गाड्या पाठवतात. ती गाडी फुकट नसते, हे सर्वांना ठाऊक असते. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. अनेक पक्षांनी शंका घेतल्या आणि तो पुढे सरकला नाही.

लातूरची स्वतःची एक अडचण आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी दरवर्षी हजारो मुले बाहेरून येथे येऊन राहतात. त्यांतली अनेक याच वास्तव्यात अठरा वर्षांची होतात. नांदेडमध्येही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि आयटीआय परिसरातील शिकवणी वर्ग यांमुळे तीच स्थिती आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, तिथला सर्वसाधारण रहिवासी म्हणून, त्याच पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. बहुतेकांना हे कोणी सांगितलेले नसते. ते गावीही नोंदवत नाहीत, इथेही नाही.

नाव नोंदवण्यासाठी नमुना ६ भरावा लागतो, ऑनलाइन किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे. पूर्वी केवळ १ जानेवारी ही अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. महापालिकेसाठी नियम आणखी कडक आहे. राज्य निवडणूक आयोग ठरवील त्या दिवशीची विधानसभेचीच यादी तिथे वापरली जाते. जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी घेण्यात आली. त्या ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्या लातूर-नांदेडच्या मुलामुलींनी कितीही उत्साह दाखवला असता, तरी आपल्या शहराच्या नगरसेवकासाठी त्यांना त्या दिवशी मत देता आले नसते. पुढची संधी त्यांना पाच वर्षांनी मिळेल, निवडणुका वेळेवर झाल्या तर.